बिंदू चौकातल्या मावश्या आणि इस्त्रीवाले काका, मनापासून आभार

६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, कोल्हापुरात बिंदू चौकात आम्ही युद्धविरोधी सभा ठेवली होती. सभेआधीच पाऊस असा कोसळला की मांडवाचं कापड फाटलं आणि शाळेच्या मुलांनी काढलेली चित्रं चिखलात पडली. त्यांत हिरोशिमाची मुलगी सदाको सासाकी आणि तिने आजारपणात कागद दुमडून केलेले क्रौंच पक्षी होते. १९४५ साली अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. मुलांना तिची गोष्ट पाठ होती, म्हणून मुलं रडवेली झाली.

कडेला भाजी विकणाऱ्या दोन मावश्यांनी आपल्या पाट्यांवरची ताडपत्री काढून आमच्या मांडवावर ओढली. त्यांची मेथी भिजत होती. "भाजीला पाऊस नवा न्हाई, पोरांची चित्रं झाका आदी," एवढंच म्हणाल्या.

शेजारच्या इस्त्रीवाल्या काकांनी गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला ठेवले. चिखल ओल्या फडक्याने हलकेच टिपला, इस्त्री थोडी निवू दिली, चित्रावर जुनं सुती धोतर पसरलं आणि एकेक कागद वाळवून दिला. रंग जराही फिसकटू दिला नाही. पैसे घेतले नाहीत. उलट चित्रातल्या मुलीबद्दल विचारलं आणि सभा संपेपर्यंत मागे उभे राहिले.

गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. सभा झाली ती तुमच्यामुळे. मावशी, भिजलेल्या मेथीचे पैसे घेऊन आम्ही येतोय, तेवढे मात्र घ्याच.