समासातल्या प्रश्नचिन्हाबद्दल

काकांना,
सा. न. वि. वि.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही पडद्यावर वाचणं सोडलंत, म्हणून हे पत्र छापून आणणार आहे. टाइप 16 पॉइंटचा ठेवलाय. लाल पेनाने तपासून परत कराल याची खात्री आहे, तरी आधी शेवटपर्यंत वाचा. पत्र उघडं लिहितेय, कारण मराठी मजकुरासाठी मी केलेली छोटी संगणकी साधनं वापरणाऱ्या ब्लॉगवाल्यांना तुमचं नाव ठाऊक नाही आणि ते घालू द्यायला तुम्ही तयार नाही. मग निदान काम तरी कळू दे.

मी हिशेब खात्यातली. दिवसा बिलं आणि जीएसटी, जावास्क्रिप्ट (वेबपानांची प्रोग्रामिंग भाषा) रात्री भांडी आवरल्यावर. सगळं सुरू झालं आत्याच्या पाककृतींमुळे. तिने त्या 2006 साली तुमच्या नारायण पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतल्या होत्या. ब्लॉगवर टाकायला म्हणून सीडी उघडली, तर कडबोळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर असं नव्हतंच, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठीचं चित्र बसवलेलं. फॉन्ट नाही तर चित्र नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला 1991 पासून स्वतःचा 128 जागांचा पट्टा आहे, पण जुना मजकूर आपोआप तिथे जाऊन बसत नाही.

मी दुकान शोधत आले, तर तिथे मोबाइलची कव्हरं विकत होते. शेजारच्या बाइंडरने तुमचं घर दाखवलं. ओळख ना पाळख, तरी तुम्ही माळ्यावरून ती निळी वही काढून दिलीत. कुठल्या कळीला कुठलं अक्षर, कुठला अर्धा तुकडा, सगळं हाताने लिहिलेलं. ती वही नसती तर मी अजून एकेका चिन्हावर अंदाज बांधत बसले असते.

वहीवरून जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन केलं, पण अर्धंच काम झालं. वेलांट्या सगळ्या भलत्याच अक्षरांवर जायला लागल्या. तेव्हा तुम्ही वीजबिलाच्या पाठीमागे 'कि' काढून दाखवलात. "आम्ही दिसेल तसं टाइप करायचो. ऱ्हस्व वेलांटी आधी, मग क." युनिकोडला उलटं लागतं, आधी क, मग वेलांटी. रफाराचं त्याहून वाईट. 'सूर्य'मधला रफार तुम्ही 'य'नंतर मारायचात, युनिकोडमध्ये तो 'र' होऊन 'य'च्या आधी यायला हवा. आणि 'ण' म्हणजे अर्धा ण अधिक काना, म्हणून आधी जोड्या बदलायच्या, सुटे तुकडे मागून. हे कुठल्याही व्हिडिओत मला सापडलं नव्हतं.

शब्द मोजायचं साधन केलं तेव्हा माझी फजिती झाली. 'पुणे' हा एकच शब्द त्याने दोन मोजला. युनिकोडच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही 'अक्षरं' नव्हेत, त्यांचा 'चिन्ह' असा वेगळा वर्ग आहे, आणि मी फक्त अक्षरं मागितली होती. उकारापाशी शब्द तुटायचा. तुम्ही म्हणालात, "पुण्याचे दोन भाग नदीने केलेत, तुझ्या यंत्राने पुन्हा कशाला?" लिंक आटोपशीर करण्याच्या साधनात तुम्हाला रस नव्हता. फक्त 'पुणे'चे 4 तुकडे (प, उकार, ण, मात्रा) लिंकमध्ये टक्क्याच्या खुणांसकट 36 खुणांचे होतात हे ऐकून तुम्ही खूप हसलात.

खरे आभार मात्र वेगळ्याच गोष्टीचे. आत्याच्या फाइलमधून एक वाक्य बाहेर पडलं: 'आचार्यांना विचारून मीठ वाढवावे.' हवे होते 'आचाऱ्यांना'. तुम्ही लगेच कबूल केलंत की ही चूक तुमच्या दुकानातली, घाईत पोरांनी अर्ध्या र-ची कळ न शोधता रफारावर भागवलं. मी चेव येऊन यादीच केली. आचार्यांना दिसलं की आचाऱ्यांना, दर्या दिसलं की दऱ्या. मोठ्या ऐटीत छापील पानं तुमच्यापुढे ठेवली.

तुम्ही 41 ठिकाणी गोल केलेत आणि कुठेच दुरुस्ती केली नाहीत. समासात नुसतं प्रश्नचिन्ह. "दर्या म्हणजे समुद्रही असतो बाळ. तू कोण ठरवणार? लेखकाला विचार." मग सांगितलंत, की मुद्रितशोधनाला लागलात त्या पहिल्याच वर्षी एका कवितेतला शब्द चुकीचा वाटून परस्पर सुधारलात, तो कवीने मुद्दाम वापरला होता. अंक बाजारात गेलेला. तेव्हापासून शंका आली की समासात प्रश्नचिन्ह, आणि मुद्रित परत लेखकाकडे.

त्या रात्री मी यादी पुसली. आता साधन असा शब्द पिवळा करतं आणि दोन्ही रूपं पुढे ठेवतं, निवडायचं लिहिणाऱ्याने. काही जणांना हे कटकटीचं वाटतं, 'आपोआप करा ना' म्हणतात. करणार नाही. (खरं तर एकदा मोह झाला होता. तुमची 41 गोलांची पानं पुढ्यातच होती, म्हणून वाचले.)

पैसे तुम्ही घेतले नाहीत, कडबोळी घेतलीत, तीही आधी एक चाखून.

रविवारी डबा घेऊन येते. वही अजून माझ्याकडेच आहे. सातव्या पानावर 'ञ'ची कळ पुसट झाली आहे, आठवत असेल तर सांगा, नाहीतर तिथेही प्रश्नचिन्हच ठेवते.

आपली,
हिशेबवाली