रविवारी पाळणाघराची खोली लावायची आहे, सामान आणण्याआधी वाचा

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी ९ वाजता क्लबहाऊसशेजारच्या खोलीत जमायचंय. नवीन कमीत कमी विकत घ्यायचं आणि घराघरातलं चांगलं सामान वापरायचं हे आपलं ठरलंय, पण जुनं म्हणजे सगळंच चालेल असं नाही हं.

जुने रंगवलेले पाळणे, घोडे कृपया आणू नका. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, आपल्याकडे त्यावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, आणि रांगणारी मुलं तर दिसेल ती कड चावत बसतात. घरी घासून रंग काढायचा प्रयत्न तर मुळीच नको, ती धूळच जास्त वाईट. बिनरंगी सागवानी पाळणा असेल तर जरूर आणा, फक्त गजांमधली फट ६ सेंमीपेक्षा जास्त नको, मोजून बघा. उशा, लोड नकोत, तान्ह्या बाळांना सपाट घट्ट गादीच लागते.

आजीच्या हातच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या मात्र हव्यातच, खाली जमिनीवर अंथरायला, धुवून उन्हात वाळवल्या की झालं, फोमच्या मॅटपेक्षा मला त्याच आवडतात. प्लायवूडचं कपाट घ्यावंच लागलं तर ई१ किंवा ई० ग्रेड (म्हणजे फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू कमी सोडणारं) विचारा, आणि ते भिंतीला स्क्रूने पक्कं करायचंय, ड्रिल कोणाकडे आहे? नवीन खेळण्यांवर आयएसआय मार्क बघा, तो २०२१ पासून सक्तीचा आहे. बटणं, सुटे मणी काही नको.

खेळण्यांसाठी बांबूच्या टोपल्या बुरूड आळीतून आणायच्यात, कोण जातंय ते आज रात्रीपर्यंत सांगा.