सर्व्हरमध्ये बिलातील वर्णनाप्रमाणे एसएसडी व हार्ड डिस्क न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या तंत्र विभागाशी माझे सहावे बोलणे झाले आणि त्यानंतर हे सर्व लेखी देण्यावाचून मार्ग उरला नाही. बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या करसल्लागार कार्यालयात तुम्ही मार्चमध्ये सर्व्हर बसवला. हिशोबाच्या डेटाबेससाठी अचानक वीज गेल्यास हातातले लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर असलेल्या दोन सर्व्हर दर्जाच्या एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारे ड्राइव्ह) आणि स्कॅन केलेल्या व्हाउचरांसाठी रेडला (एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या रचनेला) योग्य अशा चार हार्ड डिस्क, असे मागणीपत्रात लिहिले होते. तुमच्या बिलावरही तेच छापले आहे.

ही विभागणी मी विचारपूर्वक केली होती. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय हेड सरकण्याचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी वाचताना अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभर वाचनांपर्यंतच पोहोचते, आणि आमच्याकडे नऊ जण एकाच वेळी नोंदी करतात; म्हणून डेटाबेससाठी एसएसडी. स्कॅनच्या मोठ्या, सलग फाइलींना मात्र हार्ड डिस्क पुरते आणि टेराबाइटमागे बरीच स्वस्त पडते. हार्ड डिस्कबद्दल माझी तक्रार नाही. कोणत्या प्रकारची डिस्क दिली, याबद्दल आहे.

जुलैत, विवरणपत्राची २० तारखेची मुदत दोन दिवसांवर असताना, पावसात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी टिकली नाही. बॅटरी आमची होती, हा दोष मी पहिल्याच फोनवर मान्य केला. परंतु सॉफ्टवेअरने जतन झाल्या म्हणून दाखवलेल्या नोंदी सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर सापडल्या नाहीत आणि डेटाबेस उघडेना. ड्राइव्हच्या तात्पुरत्या मेमरीत राहिलेले लेखन वीज गेली की पुसले जाते, म्हणून तर कपॅसिटर मागितले होते. सर्व्हर उघडून मॉडेल क्रमांक पाहिले, तेव्हा दोन्ही एसएसडी घरगुती संगणकाच्या निघाल्या; त्यांत कपॅसिटर नाहीत.

हे मी आज तुमच्या प्रतिनिधींना मॉडेल क्रमांकासह सांगितले. त्यांचे उत्तर होते, “एसएसडी ही एसएसडीच असते, फरक फक्त लेबलचा.” मी बिलातील ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, “एसएसडीत फिरणारा भागच नसतो, तर ती वीज गेल्याने बिघडेल कशी?” एसएसडी बिघडल्याची तक्रार मी केलीच नव्हती, लिहिलेले हरवल्याची केली होती, आणि तसे पुन्हा सांगितले. त्यावर थोडे थांबून ते म्हणाले, “तुम्ही हिशोबाची माणसे, हे तुम्हाला समजणार नाही. तुमच्या मुलाला फोन द्या.” माझी मुलगी याच कार्यालयात माझ्याबरोबर काम करते आणि ती हे सर्व शेजारी बसून ऐकत होती. अठ्ठावीस वर्षे लोकांच्या हिशोबातील चुका शोधणाऱ्या माणसाला बिल आणि माल यांतील फरक समजत नाही, असे तुमच्या कंपनीला म्हणायचे आहे का?

हार्ड डिस्कचीही तीच गत आहे. चारांपैकी एक गेल्यावर बदली डिस्कवर रेड पुन्हा उभे राहण्यास पाच दिवस लागले, कारण दिलेल्या डिस्क कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक (माहिती लिहिण्याच्या वर्तुळाकार रेषा) असलेल्या एसएमआर प्रकारच्या आहेत. अशा डिस्कवर थोडे बदलायचे तरी पूर्ण पट्टा पुन्हा लिहावा लागतो. रेडची फेरउभारणी त्यामुळेच रखडते. त्या पाच दिवसांत आणखी एक डिस्क गेली असती, तर ग्राहकांची सर्व व्हाउचरे गेली असती.

बिलावर एक वर्णन आणि पेटीत दुसरा माल, हे मी पुन्हा लिहीत आहे, कारण सहा फोनांत यावर कोणीही उत्तर दिले नाही. माल वर्णनाशी जुळला पाहिजे, असे मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ मध्ये आहे. पंधरा दिवसांत दोन्ही एसएसडी आणि चारही हार्ड डिस्क बदलून द्याव्यात, प्रत्येकीचे मॉडेल क्रमांक बसवण्याआधी लेखी कळवावेत आणि जुन्यांवरील आमचा डेटा आमच्यासमोर नष्ट करावा. तसे न झाल्यास सोळाव्या दिवशी वकिलांची नोटीस निघेल. तुमचे नाव मी तीन ग्राहकांना सुचवले होते. त्या तिघांनाही मी आजच फोन करून थांबवले आहे.

कार्यालयप्रमुख,
दांडिया बाजार, बडोदे

सोबत : मागणीपत्र, बिल आणि सहाही ड्राइव्हच्या लेबलांची छायाचित्रे