कायदामंत्री महोदय, आमच्या सुनेच्या अब्रूवर नुसता दंड?

मा. केंद्रीय कायदामंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस. आमची सून महापालिकेला अपक्ष उभी राहिली. तिचा प्रश्न एकच होता: उजनी धरण भरलं तरी शहराला पाणी चार-पाच दिवसांआड का? समोरच्यांकडे उत्तर नव्हतं. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत पत्रकं पडली, फोटोसकट, तिच्या चारित्र्यावर. तक्रार दिली, तर "सकाळपर्यंत गुन्हा दाखल होईल" असा शब्द मिळाला. मतदान झालं, निकाल लागला, सून पडली. गुन्हा अजून दाखल नाही.

पडल्याचं दुःख नाही, साहेब. नातू शाळेत जायला तयार नाही. नळाला पाणी आलं तरी सून दाराबाहेर येत नाही. तिची आई विड्या वळते, तिला तिथल्या बायका खोदून खोदून विचारतात. मला रात्रभर झोप नाही.

आमच्या पोरांनीही समोरच्याच्या घरातलं काहीबाही शोधून आणलं होतं. सुनेने ते फाडलं. म्हणाली, "त्याच्या कामाचं बोला, घराचं नको." तिथंच ती हरली असं लोक म्हणतात. मी मानत नाही. पाणी, ड्रेनेज, टेंडर यांवर विरोधकाला झोडपलंच पाहिजे. आचारसंहिताही हेच सांगते, टीका धोरणावर आणि कामावर करा, खासगी आयुष्यावर नको. पाळतं कोण?

वकिलांनी भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम 175 दाखवलं. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं छापलं तर शिक्षा नुसता दंड! लोकसभा-विधानसभेच्या पत्रकावर छापखान्याचं नाव नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि बाईची अब्रू घेतली तर पावती फाडा. 1 जुलै 2024 ला इंग्रजांचे कायदे गेले म्हणून केवढा गाजावाजा केलात. हे कलम तर 1920 चं, इंग्रजांचंच, फक्त आकडा बदललात. त्याच इंग्रजांनी 12 जानेवारी 1931 ला आमच्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी दिली. त्यांची ही सवलत कुणासाठी जपलीत? सगळ्याच पक्षांना ती हवी आहे, म्हणून संसदेत कुणी तोंड उघडत नाही.

बायकांना 50 टक्के जागा दिल्या म्हणून सगळे पाठ थोपटून घेतात. पण साध्या घरातली बाई उभी राहिली की तिचे हे हाल. मग पुढाऱ्यांच्याच बायका-सुना निवडून येणार, दुसरं काय!

कलम 175 ला कैद लावा. मतदानाआधीच्या 48 तासांतल्या तक्रारीवर त्याच दिवशी गुन्हा दाखल झालाच पाहिजे, टाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा ठेवा. आणि आमच्या सुनेची तक्रार कुठे अडकली, ते लेखी कळवा.

आपला,
सोलापूरचा एक मतदार