ब्रिस्टलच्या माहितीपटामागे उभ्या राहिलेल्या ताईंना जाहीर पत्र

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरातल्या वर्णभेदविरोधी आंदोलनांवरचा माहितीपट अखेर पूर्ण झाला. श्रेयनामावलीत नाव नको म्हणालात, म्हणून इथेही ते लिहीत नाही. पण पुण्यात बसून तुम्ही लावून दिलेली कामाची पद्धत कुठल्याही वस्तीतल्या गटाला उपयोगी पडेल. त्यामुळे आभार मानतोय ते जाहीरपणे आणि तपशिलासकट.

७ जून २०२० च्या रविवारी एडवर्ड कोल्स्टनचा १८९५ सालचा पुतळा लोकांनी दोर लावून पाडला आणि गडगडवत नेऊन बंदरात ढकलला. १६८० ते १६९२ या काळात कोल्स्टन रॉयल आफ्रिकन कंपनीत होता. त्या वर्षांत कंपनीने सुमारे ८४,००० आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलं आणि त्यांतली सुमारे १९,००० वाटेतच मेली. पुतळा जिथे बुडाला तिथला पूल पेरो जोन्स या गुलामाच्या नावाचा आहे. निवेदनात हे एका वाक्यात सांगून पुढे जा, त्यावर संगीत चढवू नका, हा तुमचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता.

चित्रण सगळं लोकांच्या फोनवरचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप एडिटिंगला घ्यायची नाही, हा तुमचा पहिला नियम. तिथे चित्र दाबलं जातं आणि फाइलमधली चित्रणाची वेळ व ठिकाण गळून पडतं. मूळ फाइल केबलने किंवा ड्राइव्हवरून घ्यायची, नाव न बदलता तिचा चेकसम (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) काढायचा, दोन प्रती वेगळ्या ड्राइव्हवर आणि तिसरी दुसऱ्या घरात ठेवायची. हात लावायचा तो चौथ्या, कामाच्या प्रतीला.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत ही तक्रार प्रत्येक हौशी गटाची असते. उजेड कमी-जास्त झाला की फोन दर सेकंदाच्या फ्रेम बदलतो आणि सॉफ्टवेअर मात्र त्या ठरावीक धरून चालतं. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, दहा मिनिटांनी आवाज घसरलेला असतो. आवाजाची पट्टी ओढून ते दुरुस्त होत नाही. कापाकापी सुरू करण्याआधीच सगळ्या क्लिप स्थिर २५ फ्रेमवर रूपांतरित कराव्या लागतात.

वेळा जुळवणं त्याहून किचकट. बऱ्याच फोनच्या व्हिडिओ फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे ब्रिटनच्या उन्हाळी घड्याळाच्या एक तास मागे. काही फोन चित्रण संपल्याची वेळ नोंदवतात. म्हणून पुतळा जमिनीवर आदळल्याचा आवाज सगळ्या क्लिपसाठी खूण म्हणून धरायचा, हे तुम्ही सुचवलंत, आणि लगेच सावधही केलंत: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरच्या फोनमध्ये तो सुमारे सात फ्रेम उशिरा पोचतो. जिथे आदळणं दिसतं तिथे चित्र धरायचं, दिसत नाही तिथे नकाशावर अंतर मोजून तेवढ्या फ्रेम वजा करायच्या. एरवी जुळवणाऱ्याला गर्दीचा जल्लोष आधी आणि पडणं नंतर, असला उलटा क्रम मिळू शकतो.

खरे आभार चेहऱ्यांसाठी. पुतळा पाडल्याप्रकरणी चौघांवर खटला चालला आणि ५ जानेवारी २०२२ रोजी ब्रिस्टल क्राउन कोर्टात ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवलं. तोवर चालू खटल्यावर परिणाम करणारं काही प्रसिद्ध करण्याला न्यायालयाच्या अवमानाचा १९८१ चा कायदा आडवा येऊ शकत होता, म्हणून त्यांचं दृश्य बाजूला ठेवायला तुम्ही लावलंत. बाकी हजारोंचं काय? हलकं धूसर करणं पुरेसं नाही, त्यातून माणूस ओळखू येतो. चेहऱ्यावर एकरंगी भरीव ठिगळ हवं. डोकं वळलं किंवा फलकाआड गेलं की सॉफ्टवेअरचा माग सुटतो आणि एक-दोन फ्रेम उघड्या राहतात. बघणारा नेमका तिथेच थांबवू शकतो, त्यामुळे तपासणी फ्रेम-फ्रेम करायची. गोंदण, दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब, गळ्यातलं ओळखपत्र हेही पाहायचं. आवाज जाड-बारीक केला तर तो परत मूळ करता येतो, म्हणून ज्यांना लपायचं होतं त्यांचे शब्द दुसऱ्या माणसाकडून वाचून घेतले.

संमतीपत्रात स्थानिक प्रदर्शन, इंटरनेट आणि संग्रह यांसाठी वेगवेगळे चौकोन ठेवायला सांगितलेत. बहुतेक लोक पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणतात. एकच चौकोन असता तर ती माणसं हातची गेली असती.

चेहरे झाकले की गर्दी मेल्यासारखी दिसते, ही कुरकुर खरी आहे. हात, पाय आणि फलकांनी ती भरून काढता येते. पण ब्रिटिश कायद्यात सार्वजनिक जागी कायम उभ्या पुतळ्याचं चित्रण मोकळं असलं, तरी रंगवलेल्या फलकाला ती सूट नाही. मागे सहज दिसला तर चालतं. जवळून घ्यायचा तर करणाऱ्याला विचारावं लागतं. तो शोधण्याचं काम कंटाळवाणं आहे, करावंच लागतं.

रंगदुरुस्तीला एम शेड संग्रहालयाची मदत झाली. पुतळा तिथे आडवा ठेवलेला आहे, संवर्धकांनी गाळ काढला पण आंदोलकांनी फवारलेला लाल-निळा रंग जपला. प्रत्येक फोनने तो लाल वेगळाच दाखवलेला. संग्रहालयातलं चित्रण मापाला धरल्यावर सगळे एका रांगेत आले.

१९६३ चा बस बहिष्कार पुतळ्याच्या आधी घ्या, हा आग्रह तुमचाच. बस कंपनी गोऱ्या नसलेल्यांना चालक-वाहक म्हणून घेत नव्हती. कार्यकर्ते पॉल स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी एप्रिलअखेर बहिष्कार पुकारला, २८ ऑगस्टला कंपनी नमली आणि सप्टेंबरात रघबीर सिंग हे शीख गृहस्थ पहिले गोरेतर वाहक झाले. भारतीय प्रेक्षक इथेच सरसावून बसतो.

मराठी उपशीर्षकांबद्दल एवढंच: ‘ॲ’ आणि ‘ऱ्या’ प्रत्येक फॉन्टमध्ये तपासा ही तुमची सूचना आली नसती तर ‘ॲ’च्या जागी रिकामे चौकोन दिसले असते. ओळींमधलं अंतरही वाढवलं, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकारात अडकते.

तिसरी, कुलूपबंद प्रत तुमच्याकडेच राहू द्या. तिचा पासवर्ड वेगळ्या मार्गाने पाठवतो. वर्षातून एकदा चेकसम ताडून पाहाल का? मूळ यादी सोबत जोडली आहे.

आपले,
ब्रिस्टलचा माहितीपट गट