‘कॉलरा’आधीची ‘मोडशी’

माननीय संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील साथीच्या रोगांवरील लेखात ‘कॉलरा’ हा शब्द पित्त या अर्थाच्या ‘खोले’ या ग्रीक शब्दापासून आल्याचे म्हटले आहे. ही व्युत्पत्ती बहुतेकांना मान्य असली, तरी वादातीत नाही. मात्र युरोपीय वैद्यकात ‘कॉलरा मॉर्बस’ म्हणजे बराच काळ उन्हाळ्यातले साधे जुलाब-वांत्या एवढेच होते. १८१७ साली बंगालमधील जेसोर येथे उद्भवलेली साथ पुढे दूरवर पसरली, तेव्हा डॉक्टरांनी तिलाही हेच जुने नाव लावले. गंमत अशी की, पटकीच्या रोग्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके असतात आणि त्यांत पित्ताचा पिवळेपणा दिसतच नाही. पित्ताशयातील खड्यांत सापडलेल्या कोलेस्टेरॉलच्या नावात हा ‘खोले’ शोभतो, या रोगाच्या नावात मुळीच नाही.

लेखातून सुटलेली गोष्ट गोव्यातली आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात या रोगाचे वर्णन करताना, इथले लोक त्याला ‘मोरशी’ म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज अपभ्रंशाने ‘मोरदेशी’ म्हणतो, असे त्याने नोंदवले आहे. ही ‘मोरशी’ म्हणजे मराठी-कोकणीतील मोडशी. पुढे फ्रेंचांच्या तोंडी या शब्दाचे ‘मॉर द श्यँ’, म्हणजे चक्क ‘कुत्र्याचे मरण’ झाले. हा पांगळा अपभ्रंश इंग्रजांनीही उचलला आणि ‘कॉलरा’ रूढ होईपर्यंत तो हिंदुस्थानातील त्यांच्या लिखाणात वावरत राहिला. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ही सारी साखळी उलगडली असून मोडशीचे मूळ ‘मोडणे’ या क्रियापदात दाखवले आहे. अंग मोडून येणे हा प्रयोग ज्याच्या कानावर आहे, त्याला ते पटायला वेळ लागू नये.

आज मोडशी म्हटले की आपल्याला जड जेवणानंतरचे अपचन आणि त्यावरचा आल्याचा रस व सैंधव एवढेच आठवते. त्यामुळे हा शब्द एके काळी जीवघेण्या रोगाचे नाव होता, हे अभ्यासकांच्याही नजरेतून निसटत असावे. लेखमालेच्या पुढील भागात याची दखल घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी