तुझा हात पाच मिनिटांत बरा झाला, म्हणून

नाशिक, रात्रीचे ११

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

उजवा हात पाच मिनिटं बधिर झाला, कपही धरवेना, मग आपोआप सुटला, असं तू संध्याकाळी फोनवर सांगितलंस आणि लगेच लासलगावच्या कांद्याच्या भावावर गेलास. डॉक्टरचं नाव काढलं तर हसलास. मला झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या आप्पांचं असंच झालं. महिन्यापूर्वी रविवार कारंज्यावर भाजी घेताना त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे वरून खाली पडदा उतरला, दुकानाचं शटर ओढावं तसा. तीन-चार मिनिटांत पुन्हा दिसू लागलं. आम्ही ते पित्तावर घातलं, मीसुद्धा. ते मनाला अजून लागतं. तिसऱ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "डोळा चांगला आहे. मानेची डॉपलर करा, आजच."

मी आत उभा होतो. ही रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफीच; सुई नाही, एक्स-रेचे किरण नाहीत. मानेला गार जेल लावून प्रोब फिरवायचा, एवढंच. जबड्याखाली धमनीला दोन फाटे फुटतात, एक चेहऱ्याकडे, एक मेंदूकडे. डोळ्याला रक्त त्या दुसऱ्यातूनच जातं. फाट्याशी धमनी जराशी फुगीर असते, तिथं रक्त रेंगाळतं आणि नदीच्या वळणावर गाळ बसावा तशी चरबी भिंतीत साठते. भिंत दीड मिलिमीटरपर्यंत जाड झाली की त्याला प्लाक म्हणतात. मग मशीनमधून रक्ताचा आवाज आला, फुस्स, फुस्स. वाट अरुंद झाली की रक्त जोरात धावतं. वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत हवा; २३० च्या पुढे गेला तर वाट ७० टक्के किंवा जास्त बुजलेली धरतात. आप्पांचा १७० भरला, म्हणजे निम्मी तरी गेलेली.

पण डॉक्टरबाई आकड्यापेक्षा रंगापाशी जास्त थांबल्या. पांढराशुभ्र, मागे सावली टाकणारा प्लाक कॅल्शियमचा, टणक. आप्पांचा काळपट होता, म्हणजे आत मऊ चरबी. तो फुटायची भीती जास्त. त्याचा कण किंवा त्यावरची गुठळी सुटली की थेट वर, डोळ्यात नाहीतर मेंदूत जाते. तेव्हापासून कुणी नुसते टक्के सांगितले की मी विचारतो, प्लाक कसा दिसतोय?

आप्पांना अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू आहे, चाळीस वर्षांची तंबाखू सुटली. ऑपरेशनचं परवा सर्जनशी बोलायचंय.

तुझा उजवा हात, म्हणजे बहुधा डावी धमनी पाहतील. डोळा त्याच बाजूचा जातो, हात उलट्या बाजूचा. वहिनींना काही त्रास नाही ना, मग त्यांची तपासणी उगाच नको. तुझी मात्र थांबवू नकोस. अशा झटक्यानंतर पक्षाघात होण्याच्या दृष्टीने पहिले दोन-चार दिवसच सगळ्यात धोक्याचे. आणि पुन्हा झालं तर बरं होण्याची वाट बघू नकोस, तसाच सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं.

हे पत्र बंडूच्या हाती देतोय. तो आत्ताच गाडी घेऊन निघतोय. बीपीच्या जुन्या चिठ्ठ्या पिशवीत टाक आणि त्याच्याबरोबर ये. इथल्या दवाखान्याच्या दाराशी मी उभा असेन.

तुझा,
वसंता